शेतकरी : विद्यार्थी, बळी की साक्षीदार?
शेती व अन्नव्यवस्थेवरील माहितीपटांचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

शेतीचा इतिहास लिहिताना अभ्यासक साधारणतः महसुली दफ्तर, जमाबंदीचे कागद, दुष्काळ आयोगांचे अहवाल, पीकपाण्याची आकडेवारी आणि बाजारभावांच्या नोंदी या साधनांचा आधार घेतो. या सर्व साधनांत शेतकरी आहे. परंतु तो खातेदार, कर्जदार अथवा उत्पादक म्हणून आहे. त्याचे स्वतःचे बोलणे या कागदांत क्वचितच सापडते. विसाव्या शतकात या साधनांमध्ये माहितीपटाची भर पडली. शेत, अवजार, बियाणे, हात आणि चेहरा यांची नोंद करण्याचे सामर्थ्य या माध्यमात असल्यामुळे शेतकऱ्याच्या अनुभवाचा तो अधिक विश्वसनीय दस्तऐवज ठरेल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती.

ही अपेक्षा कितपत पूर्ण झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी एक साधा प्रश्न निकष म्हणून घेतला आहे : माहितीपट कोणाला उद्देशून बोलतो? प्रेक्षक बदलला की पडद्यावरील शेतकऱ्याचे स्थानही बदलते, असे या इतिहासातून दिसते. शासन बोलते तेव्हा शेतकरी हा शिकवण्याचा विषय म्हणजे विद्यार्थी असतो. शहरातील सुजाण प्रेक्षकाशी बोलणाऱ्या चित्रपटात तो बहुधा बळी असतो. आणि शेतकरी जेव्हा शेतकऱ्यासाठी चित्रीकरण करतो तेव्हा तो साक्षीदार होतो. या तीन भूमिकांचा मागोवा प्रथम अमेरिकेतील व नंतर भारतातील निवडक माहितीपटांच्या आधारे घेता येईल.

१. धुळीची वादळे आणि शासनाचा कॅमेरा

शाश्वत शेतीचा प्रश्न माहितीपटाने प्रथम गांभीर्याने हाताळला तो १९३० च्या दशकातील अमेरिकेत. ‘ग्रेट प्लेन्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला मोठा भाव आला. लक्षावधी एकर गवत नांगरले गेले. युद्धानंतर भाव कोसळले, १९३० नंतर पाऊस आटला आणि मुळांचा आधार गेलेली माती वाऱ्यावर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ चे वादळ ‘काळा रविवार’ म्हणून इतिहासात नोंदले गेले. त्याच महिन्यात अमेरिकन काँग्रेसने मृदसंधारणाचा कायदा संमत केला.

याच वर्षी रेक्सफर्ड टगवेल यांच्या नेतृत्वाखाली ‘रिसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन’ हे पुनर्वसन खाते स्थापन झाले. या खात्याने पेअर लॉरेन्ट्झ या चित्रपट समीक्षकाकडे एक माहितीपट सोपविला. लॉरेन्ट्झ यांनी त्यापूर्वी एकही चित्रपट केलेला नव्हता. १९३६ मध्ये पूर्ण झालेला ‘द प्लाउ दॅट ब्रोक द प्लेन्स’ हा सुमारे २५ मिनिटांचा चित्रपट म्हणजे या परंपरेचा आरंभबिंदू होय. व्हर्जिल थॉमसन यांचे संगीत, पॉल स्ट्रँड, राल्फ स्टायनर व लिओ हर्विट्झ यांचे छायाचित्रण आणि एका निवेदकाचा गंभीर स्वर ही त्याची प्रमुख अंगे. शेतात रांगेने पुढे सरकणारे ट्रॅक्टर आणि युद्धभूमीवरील रणगाडे यांची दृश्ये एकापाठोपाठ जोडून, गव्हाची हाव व युद्ध यांचे नाते या चित्रपटाने प्रभावीपणे दाखविले.

तथापि चित्रीकरणाच्या काळातच एक महत्त्वाचा वाद निर्माण झाला. मातीच्या नाशाला नफेखोर अर्थव्यवस्था जबाबदार आहे, हे चित्रपटाने स्पष्टपणे मांडावे, असा डाव्या विचारांच्या छायाचित्रकारांचा आग्रह होता. लॉरेन्ट्झ यांनी तो मान्य केला नाही. परिणामी चित्रपटात नांगर आहे, वारा आहे, दुष्काळ आहे. धान्याचा व्यापारी आणि सावकारी करणारी बँक मात्र जवळजवळ नाही. गवताळ प्रदेशाच्या मूळ रहिवाशांना आणि गव्यांना तेथून हुसकावून लावल्याचा उल्लेख प्रारंभीच्या मजकुरात एका वाक्यात येतो आणि चित्रपट पुढे सरकतो.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, या चित्रपटात एकही शेतकरी बोलत नाही. त्याचा चेहरा दिसतो, ओसाड अंगणात खेळणारे मूल दिसते, सामानाने लादलेली मोटार पश्चिमेकडे जाताना दिसते. पण अर्थ सांगतो तो निवेदक. हाच प्रकार लॉरेन्ट्झ यांच्या ‘द रिव्हर’ (१९३७) या पुढील चित्रपटातही आढळतो. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात कापसाच्या सततच्या लागवडीने आणि जंगलतोडीने जमिनीची धूप कशी झाली व त्यातून महापूर कसे आले, याचे कार्यकारण त्यात मांडले आहे. तो १९३८ च्या व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट माहितीपट ठरला. समारोपात मात्र धरणे बांधणारे व वीज देणारे शासन हाच त्यातील नायक आहे.

या चित्रपटांचे पुढे काय झाले, हेही लक्षणीय आहे. हॉलिवूडच्या मोठ्या वितरकांनी ‘द प्लाउ’ स्वीकारला नाही. तो स्वतंत्र चित्रपटगृहांतून दाखवावा लागला. आपल्या प्रदेशाची बदनामी होते म्हणून मैदानी राज्यांतून तक्रारी आल्या. १९३९ मध्ये तो वितरणातून मागे घेण्यात आला. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या ‘यू. एस. फिल्म सर्व्हिस’चा निधी १९४० मध्ये काँग्रेसने नाकारला. शासनाच्या पैशाने शेतीच्या अरिष्टाचे चित्रण करता येते, परंतु त्या चित्रणाचे आयुष्य शासनाच्या मर्जीवर अवलंबून राहते, हा या पहिल्या प्रयोगाचा धडा होय.

२. भारतातील शासकीय पडदा

स्वतंत्र भारतात माहितीपटाची जबाबदारी शासनानेच उचलली. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी तिचे वृत्तपट व अनुबोधपट दाखविणे परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक झाले. (ही संस्था आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे.) धरणे, रासायनिक खते, सुधारित बियाणे, कीडनियंत्रण हे या अनुबोधपटांचे नेहमीचे विषय होते. गावात ते पोहोचत ते प्रसिद्धी खात्याच्या फिरत्या गाड्यांमधून.

या प्रसाराला खरी निकड प्राप्त झाली ती १९६५-६६ च्या दुष्काळानंतर. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आयात केले. बियाण्याबरोबर खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या व फवारणीचे वेळापत्रक हे सर्व शेतकऱ्याला शिकविणे आवश्यक होते. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली परिसरातील ८० गावांसाठी दूरदर्शनवर ‘कृषी दर्शन’ सुरू झाले, ते याच गरजेतून. मराठी प्रेक्षकाला मुंबई दूरदर्शनवरील ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमामुळे ही परंपरा चांगली परिचित आहे.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रयोग झाला, त्याने या परंपरेचा मोठा विस्तार केला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत शेती, आरोग्य व शिक्षणविषयक कार्यक्रम थेट पोहोचविण्यात आले. इस्रोनेच गुजरातमधील खेडा जिल्ह्यात पीज येथून चालविलेल्या प्रयोगात तर गावकऱ्यांनाच पात्रे म्हणून घेऊन मजुरी, जातिभेद, दूध सहकार अशा स्थानिक प्रश्नांवर कार्यक्रम तयार झाले.

या साऱ्या प्रयत्नांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. अन्नटंचाईच्या काळात उपयुक्त ज्ञान गावापर्यंत नेणे हे राष्ट्रीय कर्तव्यच होते. परंतु ज्ञानाच्या प्रवाहाची दिशा एकच होती : कृषी विद्यापीठातून गावाकडे. ज्वारी, बाजरी, कोदो, राळा अशी कोरडवाहू पिके, मिश्रपेरणीची पद्धत आणि घरात राखून ठेवलेले बियाणे यांविषयी शेतकऱ्याजवळ, विशेषतः शेतकरी स्त्रीजवळ, जे ज्ञान होते त्याला या पडद्यावर फारसे स्थान मिळाले नाही. खेडा प्रकल्पाचा अपवाद वगळता शेतकरी पडद्यासमोर बसलेला होता. पडद्यावर त्याची भूमिका प्रश्न विचारणाऱ्याची होती, उत्तर देणाऱ्याची नव्हती.

३. खाणाऱ्याला उद्देशून

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिका व युरोपात माहितीपटाचा रोख बदलला. शेतीपेक्षा ‘अन्नव्यवस्था’ हा शब्द पुढे आला. म्हणजे बियाणे, खते, पशुखाद्य, प्रक्रिया उद्योग, मोठी दुकाने आणि ताट अशी संपूर्ण साखळी. ॲरन वुल्फ दिग्दर्शित ‘किंग कॉर्न’ (२००७) मध्ये दोन तरुण आयोवा राज्यात एक एकर मका पेरतात आणि तो मका पशुखाद्य व गोड पाकाच्या रूपाने कोठे कोठे जातो याचा शोध घेतात. अनुदानाविना तो एक एकर तोट्यात जातो, हे त्यातील साधे पण परिणामकारक निरीक्षण. रॉबर्ट केनर यांचा ‘फूड, इंक.’ (२००८) मांस, मका व सोयाबीन या व्यवसायांतील मूठभर कंपन्यांचे वर्चस्व दाखवितो. कंत्राटी पद्धतीने कोंबड्या पाळणारी एक महिला आपल्या शेडमध्ये कॅमेरा येऊ देते आणि नंतर तिचे कंत्राट संपुष्टात येते, हा प्रसंग साखळीतील सत्तासंबंधांवर पुरेसा प्रकाश टाकतो.

या चित्रपटांनी लॉरेन्ट्झ यांच्या चित्रपटातील मोठी उणीव भरून काढली. व्यापारी, कंपनी, कायदा व अनुदान यांची नावे त्यांनी घेतली. शेतकरी येथे बोलतोही. परंतु चित्रपटाचे आवाहन त्याला नाही. ते ग्राहकाला आहे. ‘फूड, इंक.’च्या अखेरीस प्रेक्षकाला काय विकत घ्यावे आणि काय टाळावे याच्या सूचना मिळतात. खरेदी हाच बदलाचा मार्ग ठरला की ज्याची खरेदीची ताकद कमी, त्याचा आवाजही कमी, हा निष्कर्ष अटळ होतो. ज्या देशात शेती करणारा आणि अर्धपोटी राहणारा हा अनेकदा एकच माणूस असतो, तेथे या आवाहनाची मर्यादा विशेष जाणवते.

४. विदर्भ : पडद्यावरील बळी

भारतात याच काळात शेतीवरील माहितीपटाचे केंद्र विदर्भ ठरले. १९७२ पासून चालत आलेली एकाधिकार कापूस खरेदी योजना २००० नंतर मोडकळीस आली. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला व्यापारी लागवडीची परवानगी मिळाली. बियाणे, फवारणी आणि सावकारी कर्ज यांचा खर्च वाढत असताना भाव मात्र आंतरराष्ट्रीय बाजाराशी बांधला गेला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार १९९५ ते २०१० या काळात देशात अडीच लाखांहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक होता. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले.

या पार्श्वभूमीवर दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९), नंदन सक्सेना व कविता बहल यांचा ‘कॉटन फॉर माय श्राउड’ (२०११) आणि मिखा पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ (२०११) हे माहितीपट आले. पहिला चित्रपट पी. साईनाथ यांच्या वार्तांकनाच्या प्रवासावर आधारित आहे. त्याच्या शीर्षकामागे रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदविलेली कथा आहे : नीरोच्या उद्यानात रात्रीच्या उजेडासाठी माणसे जाळली गेली. नीरोची क्रूरता सर्वज्ञात आहे. पण त्या मेजवानीला आलेले पाहुणे कोण होते, हा साईनाथ यांचा प्रश्न आहे. तो प्रश्न सरळ प्रेक्षकाला, म्हणजे शहरी मध्यमवर्गाला, विचारलेला आहे. शेतीवरील भारतीय माहितीपटाने आपला प्रेक्षक इतक्या स्पष्टपणे निश्चित केल्याचे दुसरे उदाहरण सहसा सापडणार नाही.

या चित्रपटांची कामगिरी दोन बाबतीत निर्विवाद आहे. शासकीय नोंदीत जे मावत नव्हते ते त्यांनी पुढे आणले. सातबाऱ्यावर नाव नसल्यामुळे शेतकरी स्त्री ‘शेतकरी’ म्हणून मोजलीच जात नाही. खंडाने शेती कसणाऱ्याची आत्महत्या मदतीस ‘अपात्र’ ठरते. या गोष्टी या काळातील वार्तांकनाने व चित्रपटांनी चर्चेत आणल्या. दुसरे असे की, मृत्यूनंतर मागे राहिलेल्या कुटुंबाचे जगणे त्यांनी दृश्यमान केले.

मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला येथे सावध राहणे आवश्यक आहे. हार घातलेली तसबीर, विधवेचा चेहरा, कोरडे शेत या दृश्यांची पुनरावृत्ती होऊ लागली, तसा शेतकरी निर्णय घेणारा माणूस न राहता केवळ बळी उरला. शिवाय अनेक कारणांची गुंतागुंत एका कारणाकडे, म्हणजे बियाण्याकडे, ओढली गेली. आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेच्या २००८ च्या अभ्यासाने उपलब्ध आकडेवारीवरून बीटी कापूस हे आत्महत्यांचे आवश्यक वा पुरेसे कारण ठरत नाही, असे मत मांडले; त्याच वेळी काही प्रदेशांत व काही हंगामांत सुरुवातीच्या वाणांनी शेतकऱ्यांची निराशा केल्याचे त्यातही मान्य करण्यात आले. देशाची रुईची हेक्टरी उत्पादकता २००२-०३ मधील सुमारे ३०० किलोवरून २००७-०८ पर्यंत साडेपाचशे किलोच्या आसपास गेली. परंतु बहुतांश कोरडवाहू असलेल्या महाराष्ट्राची उत्पादकता राष्ट्रीय सरासरीच्या खालीच राहिली. सरासरीचा आकडा आणि विदर्भातील एका शेताचा अनुभव हे दोन्ही खरे असू शकतात. आकडा दाखवून अनुभव नाकारणे जितके चूक, तितकेच एका अनुभवावरून सर्व देशाचा निष्कर्ष काढणेही चूक होय.

५. पस्तापूरचा कॅमेरा

तिसऱ्या प्रकारच्या माहितीपटासाठी विदर्भाच्या दक्षिणेकडे, तेलंगणातील झहीराबाद परिसरात जावे लागते. तत्कालीन मेदक जिल्ह्यातील हा भाग कोरडवाहू, हलक्या जमिनीचा. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने येथील गावोगावच्या दलित स्त्रियांचे ‘संघम’ उभे केले. पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आणणे, ज्वारी-राळ्यासारख्या भरडधान्यांची मिश्रपेरणी, गावातच बियाण्यांची साठवण आणि गावातच पिकलेल्या धान्याची स्थानिक वितरण व्यवस्था ही या संघमांची कामे.

संस्थेच्या संस्थापकांपैकी एक पी. व्ही. सतीश (निधन २०२३) हे पूर्वी दूरदर्शनचे निर्माते होते आणि वर उल्लेखिलेल्या १९७५-७६ च्या उपग्रह प्रयोगात त्यांचा सहभाग होता. शासकीय पडद्याच्या परंपरेतून आलेल्या माणसाने कॅमेराच गावकऱ्यांच्या हाती द्यावा, ही या इतिहासातील महत्त्वाची घटना आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही संघम-स्त्रियांना चित्रीकरण व संकलनाचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यांतील बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या शेतमजूर अथवा अत्यल्पभूधारक होत्या. २००१ मध्ये त्यांच्या कामाला ‘कम्युनिटी मीडिया ट्रस्ट’चे स्वरूप मिळाले. पुढे १५ ऑक्टोबर २००८ रोजी तेथेच ‘संघम रेडिओ’ सुरू झाला.

या स्त्रियांनी कॅमेऱ्याच्या कोनांना दिलेली नावे चित्रपटाच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावीत अशी आहेत. वरून खाली पाहणारा कोन म्हणजे ‘पटेल शॉट’, कारण जमीनदार बसल्या जागेवरून मजुराकडे तसा पाहतो. खालून वर पाहणारा कोन म्हणजे गुलामाचा शॉट. आणि डोळ्यांच्या पातळीवरील कोन म्हणजे ‘संघम शॉट’, कारण संघमच्या बैठकीत सर्वजणी एकाच पातळीवर जमिनीवर बसतात. आपल्या चित्रीकरणासाठी त्यांनी हा तिसरा कोन पसंत केला. कोन हा तंत्राचा भाग असतो तसाच तो सामाजिक संबंधांचाही भाग असतो, हे सूत्र त्यांनी स्वतःच्या अनुभवातून मांडले.

बीटी कापसाच्या परवानगीनंतर या स्त्रियांनी वरंगळ जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या शेतांवर चित्रीकरण सुरू केले. एकदाच भेट देऊन परतण्याऐवजी पेरणीपासून वेचणीपर्यंत त्या पुन्हा पुन्हा गेल्या. उगवण, फवारणीचा खर्च, बोंडे, वेचणी आणि हाती आलेली रक्कम यांविषयी त्याच शेतकऱ्यांना त्या वेगवेगळ्या टप्प्यांवर बोलते करीत गेल्या. या कामातून २००३ मध्ये एक आणि तीन हंगामांच्या अनुभवानंतर २००५ मध्ये दुसरा माहितीपट तयार झाला. विचारणारी आणि सांगणारा दोघेही शेतीवर जगणारे असल्याने संभाषणाला वेगळाच नेमकेपणा येतो. ‘तुम्हाला कसे वाटते’ असा प्रश्न येथे गौण आहे; ‘किती पिशव्या लावल्या, किती वेळा फवारले, किती क्विंटल निघाले’ हे प्रश्न मुख्य आहेत. म्हणूनच येथे शेतकरी साक्षीदार ठरतो.

६. प्रजातीर्पू : पडदा आणि निवाडा

साक्षीचा आणखी एक प्रयोग याच परिसरात घडला. तत्कालीन आंध्र प्रदेश शासनाच्या ‘व्हिजन २०२०’ या आराखड्यात शेतीवर अवलंबून असलेल्या लोकसंख्येचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणण्याची कल्पना होती. ज्यांच्या आयुष्याचा हा प्रश्न होता त्यांचे मत काय, हे जाणण्यासाठी जून-जुलै २००१ मध्ये मेदक जिल्ह्यातील एका गावात ‘प्रजातीर्पू’, म्हणजे लोकांचा निवाडा, आयोजित करण्यात आला. पंच म्हणून लहान व सीमांत शेतकरी बसले होते. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. सर्वोच्च न्यायालयाचे एक निवृत्त न्यायमूर्ती देखरेख मंडळाच्या अध्यक्षस्थानी होते.

या पंचांसमोर भविष्याची तीन चित्रे चित्रफितींच्या रूपाने ठेवण्यात आली : यांत्रिक व व्यापारी शेतीचा शासकीय आराखडा, निर्यातीसाठी सेंद्रिय शेती आणि स्थानिक गरजांवर आधारलेली स्वावलंबी अन्नव्यवस्था. त्यानंतर शासन, उद्योग, विद्यापीठे व संस्था यांच्या प्रतिनिधींना पंचांनी प्रश्न विचारले. निवाडा देताना त्यांनी तिन्ही चित्रांतून हवे ते घेऊन स्वतःची मांडणी केली. अन्न व बियाण्यावर गावाचा ताबा, जैवविविधता आणि स्थानिक बाजार यांना त्यांनी प्राधान्य दिले. शेतीतून माणसे कमी करण्याच्या कल्पनेला व जनुक-परिवर्तित पिकांना विरोध केला. या निवाड्याच्या अहवालावर पुढे वादंग झाला, कारण आराखड्याला परदेशी साहाय्य मिळत होते आणि पंचांच्या प्रातिनिधिकतेविषयी शंका घेण्यात आल्या.

शंका घेणे योग्यच होते. मात्र माहितीपटाच्या इतिहासात या प्रसंगाचे स्थान वेगळे आहे. ‘कृषी दर्शन’पुढे बसलेल्या शेतकऱ्याने पाहावे, शिकावे आणि अनुसरावे अशी अपेक्षा होती. येथे पडद्यासमोर बसलेल्या शेतकऱ्याला पाहून झाल्यावर उलटतपासणीचा आणि नकाराचा अधिकार होता.

७. साक्षीचे मूल्यमापन

साक्षीदार मिळाला म्हणजे सत्य मिळाले, असे मात्र मानता येत नाही. पस्तापूरच्या चित्रपटांमागे एका संस्थेची निश्चित भूमिका आहे आणि ती लपविलेली नाही. वरंगळच्या अनुभवाला पुढे काही प्रमाणात शासकीय दुजोरा मिळाला. २००५ मध्ये जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने मेक-१२, मेक-१६२ व मेक-१८४ या तीन बीटी वाणांच्या परवानगीचे आंध्र प्रदेशात नूतनीकरण केले नाही. तरीही त्यानंतरच्या दशकात देशातील कापसाखालील नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी वाणांखाली गेले. शेतकऱ्यांनी ही निवड का केली, याचे उत्तर २००५ च्या चित्रपटात नाही. याउलट, २०१७ मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीचा जो व्यापक प्रादुर्भाव झाला आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जणांचे जे बळी गेले, त्यांचा अर्थ केवळ २००८ च्या उत्पादकतेच्या आकड्यांवरून लागत नाही. प्रत्येक साधन आपल्या काळाची व जागेची साक्ष देते. संपूर्ण निकाल देत नाही.

म्हणून शेतीवरील माहितीपट ऐतिहासिक साधन म्हणून वापरताना चार प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. एक, चित्रपट कोणी, कोणाच्या पैशाने व कोणासाठी केला? दोन, कॅमेरा शेतात किती काळ राहिला. त्याने एक दिवस पाहिला, एक हंगाम पाहिला की अनेक हंगाम? तीन, जमीन बागायती की कोरडवाहू, शेती स्वतःची की खंडाची, हे चित्रपटातून कळते का? चार, पडद्यावरील व्यक्तीला आपले चित्रण पाहण्याची व त्यावर बोलण्याची संधी मिळाली का? पहिला प्रश्न लिखित दस्तऐवजालाही आपण विचारतो. उरलेले तीन मात्र या माध्यमाच्या आणि या व्यवसायाच्या स्वभावातून निर्माण होतात. शेतीचे सत्य हंगामागणिक बदलते. ते एका भेटीत हाती लागत नाही.

समारोप

१९३६ पासूनच्या या वाटचालीत माहितीपटाने मातीची धूप, अन्नसाखळीतील मक्तेदारी आणि शेतकऱ्याची हलाखी हे तिन्ही विषय समर्थपणे हाताळले. या तीन प्रकारांना प्रगतीच्या पायऱ्या मानणे योग्य होणार नाही. ते आजही एकाच वेळी अस्तित्वात आहेत. शिकविण्याची गरज संपलेली नाही आणि शहरी सदसद्विवेकाला हाक देण्याची गरजही संपलेली नाही. परंतु पहिल्या दोन प्रकारांत शेतकऱ्याविषयी बोलले जाते, तिसऱ्यात शेतकरी स्वतः बोलतो. धोरण ठरविताना, मदतीस कोण पात्र हे ठरविताना आणि पुढे इतिहास लिहिताना या फरकाचे परिणाम माणसांच्या जगण्यावर होतात.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा राळा व ज्वारी यांना अचानक प्रतिष्ठा मिळाली. ही पिके मधल्या पन्नास वर्षांत कोणी, कोठे आणि कशासाठी टिकवून ठेवली, याचे पुरावे शासकीय अनुबोधपटांत क्वचितच सापडतील. ते पस्तापूरच्या स्त्रियांच्या चित्रफितींत सापडतात. महाराष्ट्रातील कोरडवाहू पट्ट्यात, वऱ्हाडापासून माणदेशापर्यंत, अशा साक्षींचे संकलन अद्याप व्हावयाचे आहे. ग्रामीण भागातील महाविद्यालयांना, तेथील इतिहास, अर्थशास्त्र व मराठी या विभागांना एकत्रितपणे हे काम करता येण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरी शेती आहे आणि चित्रीकरणाचे साधन आज त्यांच्या हातात आहे. तारीख, गाव, पीक, जमिनीचा प्रकार आणि बोलणाऱ्याची संमती एवढी शिस्त पाळून एकेका हंगामाची नोंद केली, तरी पुढील पिढीच्या इतिहासकाराला शेतकऱ्याचा आवाज महसुली दफ्तराच्या ओळींमधून शोधत बसावा लागणार नाही.